तानुबाईंची चौथी तबकडी

१

चौथ्या तबकडीवर सुई टेकली आणि कर्ण्यातून तानुबाईंच्या लावणीऐवजी एक पुरुष हसू लागला.

आधी तो दबकत हसला, मग मोकळा हसला, मग हसता हसता त्याला ठसका लागला. बुलढाण्याच्या लोकमित्र वाचनालयाचा हॉल माणसांनी भरला होता. नागपूरहून आलेले शिक्षणखात्यातले साहेब पहिल्या खुर्चीत बसले होते आणि त्यांना वाटलं, हा माणूस आपल्यालाच हसतो आहे. बाकीच्यांचा तसा गैरसमज व्हायचं कारण नव्हतं. 'हसणारा माणूस' ही रेकॉर्ड गावातल्या पोराटोरांच्या ओळखीची होती. वाचनालयाचा शिपाई कडूबा दर दिवाळीत ती अंगणात लावायचा. त्यामुळे मागच्या रांगेतून एकजण हसला, मग दुसरा हसला आणि साहेबांनी घड्याळ पाहिलं.

वऱ्हाड आणि मध्यप्रांत एकाच कारभाराला जुंपलेले होते, त्या दिवसांतली ही गोष्ट. मानमोडीच्या तापाची साथ येऊन गेल्याला वीस वर्षं झाली होती. तानुबाई त्या साथीच्या आसपासच वारल्या. पण त्याआधी त्यांचं गाणं घराघरांत वाजलं होतं. चिखली तालुक्यातल्या उंद्री गावची ही बाई मुंबईला जाऊन कंपनीसाठी गायली आणि एवढं नाव काढून बसली की, कंपनीने आता तिच्या जुन्या गाण्यांतली निवडक बारा गाणी सहा तबकड्यांवर घेऊन त्यांचा एक संच काढला. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, त्याला पानांऐवजी सहा खण आणि प्रत्येक खणात एक तबकडी. जिल्ह्याचा अभिमान म्हणून वाचनालयाने तो मागवला. गणपतीच्या दिवसांत, बुधवारी दुपारी, तो बायकांना ऐकवला आणि रविवारी हा थाटाचा जलसा ठेवला.

वाचनालयाचे चिटणीस गोपाळराव वकील भाषण करता करता स्वतःच्या हाताने तबकड्या लावत होते. साहेबांसमोर त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला होता, कारण चष्म्यात आपण म्हातारे दिसतो असा त्यांचा समज होता. खणातली तबकडी काढायची आणि लावायची, त्यात वाचायचं काय? कडूबा कर्ण्यामागे उभा राहून यंत्राला चावी देत होता. हसणं ऐकून त्याने मान वर केली आणि लगेच खाली घातली.

जलसा कसाबसा उरकला. चौथी तबकडी कपाटात नव्हती, टेबलाखाली नव्हती, कुठेच नव्हती. साहेबांची मोटार गेल्यावर कमिटी तिथेच बसली.

"कपाटाची चावी कुणाकडे असते? कडूबाकडे," गोपाळराव म्हणाले. "दुसरी तबकडी खणात कोंबून ठेवली, म्हणजे चोरी लपावी म्हणून. आणि कोंबली कुठली, तर हसण्याची. ज्याला अक्षर वाचता येत नाही तोच असली चूक करतो. बुधवारी सकाळी कमिटीने ठराव करावा आणि याला काढावं."

कडूबा दाराशी उभा होता. वाचनालयामागच्या खोलीत तो बायकोसह एकोणीस वर्षं राहत होता. बायको दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली. नोकरी गेली की डोक्यावरचं छप्परही जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

"तुला काही सांगायचं आहे?" कमिटीतल्या एकाने त्याला विचारलं.

"नाही जी," कडूबा म्हणाला.

कमिटीत भगवंतराव नावाचे एक गृहस्थ होते. कलेक्टर कचेरीत तीस वर्षं नकलनवीस म्हणून काढलेली, म्हणजे मूळ कागद डाव्या हाताला, नक्कल उजव्या हाताला आणि दोहोंत कुठे फरक आहे ते शोधत बसायचं. पेन्शन घेतल्यावरही ही खोड गेली नव्हती. बायकोने केलेल्या दोन पोळ्यांतला फरकसुद्धा ते सांगायचे आणि बोलणी खायचे. त्यांना एक गोष्ट खटकली. एकोणीस वर्षांत कधी गप्प न बसलेला कडूबा आज गप्प होता.

"बुधवारपर्यंत मला वेळ द्या," ते म्हणाले. त्यांनी संचाचं पुस्तक उचललं आणि चौथा खण उजेडाकडे धरून उलटा केला.

खणातून पाच दाणे टेबलावर पडले. ज्वारीचे.

२

"उंदीर," गोपाळराव म्हणाले.

"उंदीर दाणे नेतो. आणून ठेवत नाही," भगवंतराव म्हणाले. त्यांनी ते पाच दाणे कागदाच्या पुडीत बांधून कोटाच्या खिशात टाकले.

सोमवारी सकाळी ते आधी कडूबाकडे गेले. तो खोलीबाहेर चुलीला फुंकर घालत होता.

"ती हसण्याची तबकडी तू ओळखतोस?"

"हाव. काठावर टवका हाय तिच्या. अंधारातबी ओयखतो."

"मग चोरी लपवायला तू तीच ठेवशील? जुन्या तबकड्यांच्या पेटीत दुसऱ्या अकरा आहेत. भजनाच्या आहेत. भजन लागलं असतं तर साहेबांना कळलंही नसतं."

कडूबाने चुलीत एक काटकी सारली.

"तू नाही घेतलीस, ते मला दिसतं. पण तुला काहीतरी माहीत आहे."

"मले काही माईत नाही जी," कडूबा म्हणाला आणि पुन्हा फुंकू लागला. धूर दोघांच्याही डोळ्यांत गेला.

भगवंतरावांना राग आला. ज्याला वाचवायला आपण निघालो, तोच दोरी सोडून बसला होता. पण रागाने नक्कल जुळत नाही, एवढं तीस वर्षांत ते शिकले होते. घरी जाताना त्यांनी मनाशी ताळा मांडला. ज्याने हसणारी तबकडी खणात ठेवली त्याला वाचता येत नव्हतं, आणि ती तबकडी दिसायला कशी आहे हेही माहीत नव्हतं. म्हणजे तो कडूबा नव्हे. गोपाळरावही नव्हेत, कारण एवढ्या साहेबांसमोर स्वतःची फजिती कोणी करून घेत नाही. तरी त्यांना एकदा विचारायला हवं होतं.

गोपाळराव कोर्टात निघाले होते. चष्मा नाकावर होता.

"चावी शनिवारपासून माझ्याकडे होती, हे खरं," ते म्हणाले. "जलशाच्या तयारीसाठी मीच मागून घेतली. पण मी खण उघडून पाहिले नाहीत. बुधवारी बायकांची बैठक झाली, त्यानंतर सुलभाबाईंनी संच स्वतः कपाटात ठेवला. त्या तसं काल म्हणाल्याच."

सुलभाबाई मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. काल जलशाला बायकांच्या बाजूची सतरंजी त्यांनी स्वतः ओढून टाकली होती, कारण ते काम करणारी शाळेची झुंबरबाई रजेवर होती. भगवंतरावांनी ते पाहिलं होतं, पण त्यात लक्ष देण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

"तुम्हाला चोरच हवा असेल," गोपाळराव छत्री उघडत म्हणाले, "तर उकंडरावांना विचारा. हा संच मागवू नका म्हणून कमिटीत भांडला तो एकच माणूस."

३

उकंडराव उंद्रीचे मोठे जमीनदार. खटल्यांसाठी बुलढाण्यात त्यांनी घर केलं होतं आणि वाचनालयाला ग्रामोफोन त्यांनीच दिला होता. ते ओट्यावर अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते.

"त्या बाईनं गाणं म्हणावं, मले काही म्हणाचं नाही," ते म्हणाले. "पण दर गाण्याच्या शेवटी 'मी तानुबाई उंद्रीवाली' असं वरडाचं काऊन? आमच्या घरी सोयरीक आली का लोक इचारतात, ते बाई तुमच्यातलीच का. गावाचं नाव काय तिच्या बापाचं हाय?"

"रविवारी तुम्ही हॉलमध्ये दिसला नाहीत."

"भायेर मोटारीत बसून राह्यलो होतो. मशीन मी देल्लं, पण तिच्या तोंडून गावाचं नाव ऐकाले मी बसत नसतो."

"चौथी तबकडी तुम्ही काढली का?"

उकंडरावांनी सुपारी तोंडात टाकली. त्यांना राग आला नाही, उलट थोडी गंमत वाटली. "काढाची असती तं सहाच्या सहा काढल्या असत्या. एकीनं काय होते?"

एकीने काय होतं? भगवंतराव तो प्रश्न घेऊन दुपारी वाचनालयात आले. कडूबाने यंत्र आणून ठेवलं, सुयांची डबी ठेवली आणि तो निघून गेला.

उरलेल्या पाच तबकड्या, त्यांच्या दहा बाजू. भगवंतरावांनी त्या एकामागून एक लावल्या. त्यांना गाण्यातलं फार कळत नव्हतं. पण तानुबाईंचा आवाज ऐकताना ते खुर्चीत थोडे पुढे सरकले. कर्णा आणि तीस वर्षं यांच्या पलीकडून तो बारीक, धारदार आवाज येत होता आणि मागे तबला इतका समजूतदार वाजत होता की, बाईंनी श्वास घेतला की तोही थांबायचा. आसपास कोणी नाही हे पाहून भगवंतरावांनी डोळे पुसले.

मग त्यांच्यातला नकलनवीस जागा झाला. दहाच्या दहा गाण्यांच्या शेवटी बाईंनी नाव सांगितलं नव्हतं. गाणं संपलं की सुई नुसती खरखरत होती.

संचासोबत छापील माहितीचा कागद होता. त्यात खुलासा होता. जुन्या काळी तबकड्या परमुलखात बनत. कुठली तबकडी कुणाची, हे तिथल्या कारागिरांना कळावं म्हणून गाणारणी शेवटी आपलं नाव मोठ्याने सांगत. नव्या संचात गाणं सलग ऐकता यावं म्हणून ही नावं काढून टाकली आहेत.

म्हणजे उकंडरावांनी हा संच कधी ऐकलाच नव्हता. ज्या नावासाठी ते संतापले होते, ते नाव यात कुठेही नव्हतं. हे ज्याला माहीत नाही, त्याने तबकडी हाताळलेली नाही. उकंडराव सुटले.

पण मग राहिलं कोण? आणि चौथीच का? संध्याकाळी भगवंतराव घरी पोचले तेव्हा त्यांच्याकडे पाच दाणे होते आणि संशय घ्यायला एकही माणूस उरला नव्हता.

४

मंगळवारी सकाळी त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई शेजारच्या शरयूवहिनींची वाटी परत पाठवायला निघाल्या. आदल्या दिवशी वाटीतून वांग्याचं भरीत आलं होतं. वाटी घासून पुसून स्वच्छ केलेली होती, आणि तरी सत्यभामाबाई फडताळात काहीतरी शोधत होत्या.

"काय हवं आहे?" भगवंतरावांनी विचारलं.

"गुळाचा खडा. वाटी रिकामी कशी पाठवू?"

"आणि गूळ नसला तर?"

"साखर. साखर नसली तर चार दाणे टाकायचे. अहो, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करतं का कोणी? तुमच्या कचेरीत करत असतील."

भगवंतरावांनी हातातला चहा खाली ठेवला. मग खिशातली पुडी काढून त्यांनी दाणे तळहातावर घेतले. तीस वर्षं नकला तपासूनही हा कागद त्यांनी उलटा धरला होता. खणात दुसरी तबकडी ठेवली ती चोरी लपवायला नव्हे. खण रिकामा राहू नये म्हणून. ज्याला चोरी लपवायची आहे तो दाणे टाकत नाही. ही चोरीच नव्हती. कुणा संसारी बाईने तबकडी उसनी नेली होती आणि ती परत आणून देणार होती.

पायांत वहाणा सरकवून ते मुलींच्या शाळेकडे निघाले. सुलभाबाई वर्गाबाहेर आल्या. त्यांचा चेहरा पाहूनच भगवंतरावांनी आडवळण टाकलं.

"बुधवारी संच तुम्ही कपाटात ठेवला नाही."

सुलभाबाईंनी पदर सावरला. "नाही. शाळेची तपासणी होती म्हणून मला लवकर निघावं लागलं. झुंबरबाईला सांगून गेले, सगळं आवर आणि चावी कडूबाला दे. कमिटीपुढे तसं म्हटलं असतं तर बायकांची बैठक बंद पडली असती. फार भांडून मिळवली आहे ती. पण कडूबावर येईल असं मला वाटलं नव्हतं. मला लाज वाटते."

झुंबरबाई ही शाळेची जुनी बाई. मुलींना घरोघरून गोळा करून शाळेत आणायचं आणि पुन्हा पोचवायचं, हे तिचं काम. विधवा, बोलायला कमी.

"त्या दिवशी चौथ्या तबकडीच्या वेळी काही झालं होतं?"

"गाणं संपल्यावर एका पुरुषाचा आवाज आला. तबलजी असावा. बायकांच्या बैठकीत पुरुष बोलला म्हणून सगळ्याजणी हसल्या. मग मागून कुणीतरी म्हणालं, परत लावा. दोनदा लावली." त्या थांबल्या. "झुंबरबाईच म्हणाली. एरवी ती पाणीसुद्धा मागत नाही."

"तो पुरुष काय म्हणाला?"

"नाव सांगितलं बहुतेक. हसण्यात मला नीट ऐकू आलं नाही."

नकला करताना दहा ठिकाणी नीट खोडलेला शब्द अकराव्या ठिकाणी राहून जातो, हे भगवंतरावांना पुरेपूर ठाऊक होतं. कंपनीच्या माणसाने बाईंची सगळी नावं कापली होती. एका ठिकाणी तबलजीचं राहून गेलं.

"झुंबरबाई कुठे आहे?"

"डोणगावला, लेकीकडे. गुरुवारी गेली. शनिवारी येते म्हणाली होती, अजून आली नाही."

५

डोणगाव मेहकर तालुक्यात. मोटारीने आधी चिखली, मग मेहकर, मग पुढे. सत्यभामाबाईंनी दशम्यांचा डबा बांधून दिला. भगवंतराव धुळीने माखून उतरले तेव्हा दुपार कलली होती आणि गावात आठवड्याचा बाजार भरला होता.

त्यांना कुणाला काही विचारावं लागलं नाही. बाजाराच्या टोकाला विड्यांचा फिरता विक्रेता कर्णा लावून बसला होता. गिऱ्हाईक जमवायला हे लोक रेकॉर्डी वाजवतात. त्या कर्ण्यातून तानुबाईंचा आवाज येत होता.

भगवंतराव गर्दीत शिरले. पुढे झुंबरबाई उभी होती, शेजारी तिची लेक कोकिळा. दोघींच्या समोर झुंबरबाईचा दीर, महादेवाच्या देवळाचा पुजारी रामजी गुरव, हाताची घडी घालून उभा होता, मनाविरुद्ध आणलेल्या माणसासारखा. लावणी संपली. सुई खरखरली. मग एक तरुण पुरुष एकेक शब्द तोलून, कोर्टात सांगावं तसं बोलला:

"तबल्यावर निवृत्ती गुरव. मुक्काम डोणगाव, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा."

बाजार चालूच होता. पण कर्ण्याभोवती कुणी हललं नाही.

"परत लाव," रामजी म्हणाला.

विडीवाल्याने परत लावली. तिसऱ्यांदाही लावली. त्यानंतर रामजी देवळाच्या वाटेने चालू लागला. कोकिळा रडत होती. ती पोटात असताना बाप मुंबईला गेला होता. त्याचा आवाज तिने आज पहिल्यांदा ऐकला.

भगवंतराव पुढे झाले. झुंबरबाईने त्यांना ओळखलं आणि पदर डोक्यावर ओढला.

"तबकडी न्याले आले जी?"

"आधी मला सांग, का आणलीस."

ती कोकिळाच्या ओट्यावर बसून सावकाश बोलली. तिच्या नवऱ्याला तानुबाईंनी साथीला नेलं. दोन-तीनदा निरोप आले, मग बंद झाले. मानमोडीत गेला, एवढं कुणीतरी सांगत आलं. दिवस, तिथी काही कळली नाही.

"सर्वपित्रीले आमच्या घरी समद्या गेलेल्याइचं पान मांडतात," ती म्हणाली. "त्यायचं नाही मांडत. वीस वर्सं झाली. दीर म्हणे, ज्यानं बाईमागं गाव टाकलं, ज्याले मुंबईत गावाचं नाव सांगाची लाज वाटली, त्याले कायचं पान? म्या काय म्हणू? तिथं ते काय सांगत, म्या कुठं ऐकलं होतं? बुधवारी ऐकलं. साहेबाच्या कर्ण्यात तोंड घालून तालुका-जिल्ह्यासकट सांगतलं त्यायनं."

"सुलभाबाईंना विचारायचं होतंस."

"त्या गेल्त्या. आन् इचारलं असतं तं नाही म्हटलं असतं." हे तिने कुणाला दोष न देता म्हटलं. "शनवारी आणून देणार होती. पण इथं मशीन कोणाजवळ नाही. हा विडीवाला बाजाराच्या दिवशीच येते. म्हणून राहून गेली. खण रिकामा नाही ठेवला म्या. पेटीतली एक ठेवली. ते तं तुमचीच होती, म्हणून पदरचे दाणे टाकले."

"झुंबरबाई, उद्या सकाळी कडूबाला काढून टाकताहेत. त्या तबकडीपायी."

तिचा चेहरा उतरला. ती उठली, तबकडी लुगड्याच्या धुवट धडप्यात गुंडाळली आणि म्हणाली, "मोटार किती वाजता हाय?"

घाईत डबा कोकिळाच्या ओट्यावरच राहिला.

६

बुधवारी सकाळी कमिटी बसली. गोपाळरावांनी ठराव लिहून आणला होता. भगवंतरावांनी तबकडी टेबलावर ठेवली, शेजारी पाच दाणे ठेवले आणि झाला प्रकार सांगितला. मग झुंबरबाई दारातून आत आली.

"म्या नेली," ती म्हणाली. "कडूबाभाऊले काही म्हणू नका. मले काय करायचं ते करा."

"चोरी ती चोरीच," गोपाळराव म्हणाले. पण त्यांचा आवाज ठरावाइतका पक्का नव्हता.

भगवंतरावांनी कडूबाला पुढे बोलावलं. "आता तरी बोल. तुला माहीत होतं ना?"

"गुरुवारी झाडतानी पाह्यलं. पेटीतल्या हसऱ्याची जागा रिकामी. मंग खण पाह्यला, तं टवक्याची तबकडी आन् दाणे. समजलं, कोण्या बाईनं उसनी नेली, आणून देईल. शनवारी वकीलसाहेबांनी चावी घेतली. मले वाटलं, ते लावाच्या आधी पाह्यतीन."

गोपाळरावांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"मग रविवारी बोलला का नाहीस? नोकरी जात होती तुझी."

"उसनं नेल्याचं गावभर कोणी सांगते का जी?" कडूबा म्हणाला. त्याला खरंच तो प्रश्न कळला नव्हता.

तबकडी लावून पाहायची मागणी उकंडरावांनीच केली. कडूबाने चावी दिली, नवी सुई बसवली. गाणं झालं, खरखर झाली आणि निवृत्ती गुरवाने आपला पत्ता सांगितला. झुंबरबाई भिंतीशी उभी राहून ऐकत होती. तिचे ओठ त्या शब्दांसोबत हलत होते.

"आमच्या गावाचं नाव?" उकंडरावांनी विचारलं. "सहा तबकड्यांत कुठंच नाही?"

"कुठंच नाही. कंपनीने कापलं," भगवंतराव म्हणाले.

उकंडरावांनी गोपाळरावांपुढचा ठरावाचा कागद ओढून घेतला, चार घड्या केल्या आणि खिशात घातला. कुणी विरोध केला नाही. बायकांची बुधवारची बैठक चालू ठेवावी, असं सुलभाबाईंनी तेवढ्यात मांडून घेतलं. झुंबरबाईला घेऊन त्या शाळेत गेल्या, कारण मुली घरोघर वाट बघत होत्या.

भगवंतराव मात्र पुढचे दिवस अस्वस्थ होते. कडूबाची नोकरी राहिली, तबकडी खणात गेली, नक्कल जुळली. पण रामजी गुरव त्या दिवशी एक शब्द न बोलता निघून गेला होता, आणि झुंबरबाईने ज्यासाठी एवढं केलं ते घडलं की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. ती स्वतः अमावास्येला डोणगावला गेली नाही. तिला जायचं धैर्य झालं नाही, असं सुलभाबाई म्हणाल्या.

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी मोटारीचा ड्रायव्हर सत्यभामाबाईंचा डबा घेऊन दारात आला.

"डोणगावच्या रामजी गुरवानं देल्ला," तो म्हणाला. "आन् म्हणे, वयनीले सांगजा, यंदा पान मांडलं."

भगवंतरावांनी डबा हातात घेतला. तो जड होता. झाकण काढलं तर आत काठोकाठ ज्वारी भरलेली. त्यांनी सत्यभामाबाईंना हाक मारली. डबा तसाच त्यांच्या हातात देऊन ते खाली बसले.

थोड्या वेळाने ते उठले आणि डब्यातले पाच दाणे मुठीत घेऊन बाहेर पडले. आधी मुलींच्या शाळेत जाऊन त्यांनी झुंबरबाईला निरोप सांगितला. ती दोन वेळा 'हाव' म्हणाली आणि मुलींची दप्तरं उचलू लागली. मग ते वाचनालयात गेले. कडूबाने न विचारता कपाट उघडून दिलं. भगवंतरावांनी चौथ्या खणात, तबकडीच्या मागे, ते दाणे सोडले आणि पुस्तक बंद केलं.